‘एक चमचा दे’ म्हणजे नेमकं किती? लहान मुलांच्या तापाच्या औषधाबद्दल

पत्र:

ताई, माझी मुलगी २२ महिन्यांची आहे, वजन ११ किलो. मागच्या आठवड्यात रात्री अचानक तापाने फणफणली, १०३ होता. मी ९ वाजता तिचं नेहमीचं पॅरासिटामॉलचं सिरप ५ एमएल दिलं. ११ वाजले तरी अंगाचा नुसता चटका बसत होता म्हणून सासूबाईंनी जावेच्या मुलाच्या बाटलीतलं एक चमचा दिलं, तो ५ वर्षांचा आहे, त्याचं पण तापाचंच औषध. रात्री ३ ला ह्यांनी मेडिकलवरून आणलेलं ‘जास्त पॉवरचं’ म्हणून ५ एमएल पाजलं, तेव्हा मी डुलकी लागून झोपले होते, मला सकाळी कळलं. डॉक्टरांनी विचारलं किती किती दिलंत तर आम्हा तिघांनाही धड सांगता येईना, खूप बोलले आम्हाला. आता ती बरी आहे, खेळतेय. पण माझ्या मनातून जात नाही. तिच्या लिव्हरला काही झालं असेल का? डोस नक्की कसा काढायचा? आमच्या आयांच्या ग्रुपवर सांगतात की दोन औषधं आलटून पालटून द्यायची, ते बरोबर आहे का? ताप डोक्यात जाईल या भीतीने जीव टांगणीला लागतो. आणि सासूबाईंना कसं सांगू? त्या फार प्रेमाने करतात सगळं.

— एक आई, कराड

उत्तर:

ताई, आधी तुमच्या मनावरचा दगड काढते, मग बाकीचं. पत्रात लिहिलंय तेवढंच जर दिलं असेल तर तुमच्या लेकीला त्या रात्री धोका झालेला नाही. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, आकडे मांडून सांगते, आणि तेच आकडे तुम्हाला पुढे कायम उपयोगी पडणार आहेत म्हणून जरा शांतपणे वाचा, एक कागद पेन घेऊन बसलात तर उत्तम.

पॅरासिटामॉलचा मुलांचा डोस हा वयावर नाही तर वजनावर असतो. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. तुमची मुलगी ११ किलोची, म्हणजे तिला एका वेळी ११० ते १६५ मिलिग्रॅम लागतं. दोन डोसांत ६ तासांचं अंतर ठेवायचं, अगदीच गरज पडली तर ४ तासांचं, पण ४ तासांच्या आत काही झालं तरी नाही, आणि २४ तासांत ४ वेळांपेक्षा जास्त नाही. म्हणजे दिवसभराचा तिचा कोटा धरा किलोला ६०, एकूण ६६० मिलिग्रॅम.

आता त्या रात्रीचा हिशोब. तुमच्या नेहमीच्या बाटलीवर बहुतेक ‘१२० मिलिग्रॅम / ५ एमएल’ असं असेल, लहान बाळांचं सिरप साधारण १२० नाहीतर १२५ चंच येतं. म्हणजे ९ वाजता तुम्ही दिलेलं १२० मिलिग्रॅम, अगदी बरोबर डोस. सासूबाईंनी दिलं ते ५ वर्षांच्या मुलाचं, ते असतं ‘२५० मिलिग्रॅम / ५ एमएल’. चव तीच, रंग जवळपास तोच, नाव पण तेच, पण ताकद दुप्पट. तो एक चमचा ५ एमएलचा धरला तर २५० मिलिग्रॅम, तुमच्या लेकीला एका वेळी चालतं त्यापेक्षा बरंच जास्त आणि ते पण दोनच तासांनी. आणि रात्री ३ चं ‘जास्त पॉवरचं’ म्हणजे माझ्या अंदाजाने आयबुप्रोफेन (हे तापाचं दुसरं एक औषध) आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेलं सिरप. आपल्याकडे मेडिकलवर हेच सर्रास मिळतं, त्याच्या ५ एमएलमध्ये साधारणपणे १०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन असतं आणि सोबत १६२.५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. बाटली घरात असेल तर मागची बारीक अक्षरं वाचून बघा.

बेरीज करा, १२० आणि २५० आणि १६२.५, झाले ५३२.५. म्हणजे ६ तासांत जवळजवळ दिवसभराचा कोटा पोटात गेला, पण कोट्याच्या बाहेर गेलं नाही. लिव्हरला धोका साधारण किलोला १५० मिलिग्रॅमच्या वर एकदम गेलं की धरतात, तुमच्या मुलीसाठी ते १६५० होतं, त्यापासून तुम्ही खूप लांब होतात. आता आठवडा उलटलाय, ती खातेय पितेय खेळतेय, तर हा विषय मनातून काढून टाका.

पण हेच ‘ताप उतरत नाही, अजून एक चमचा दे’ असं दोन तीन दिवस चालू राहिलं असतं, आणि बाटली तीच २५० ची असती आणि दर ४ तासांनी एक चमचा, तर रोजचे १५०० मिलिग्रॅम झाले असते, किलोला १३६. तसं दोन तीन दिवस चाललं की खरोखर लिव्हरवर येतं. हे मी घाबरवायला सांगत नाही. मी मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून आयुष्य काढलं आणि मुद्दाम कुणी जास्त औषध दिलेलं मी कधी बघितलं नाही. जे झालं ते सगळं प्रेमापोटी, काळजीपोटी, आणि तीन माणसांनी एकमेकांना न सांगता दिल्याने झालं.

एक बाळ मला अजून डोळ्यासमोर दिसतं. ७ महिन्यांचं, ७ किलोचं. आधीच्या तापाला डॉक्टरांनी सिरप लिहून दिलं होतं, ते वडिलांच्या डोक्यात ‘५ एमएल’ म्हणून पक्कं बसलेलं. पुढच्या वेळी ताप आला तेव्हा मेडिकलवर त्यांनी नुसतं नाव सांगितलं, मुलगा लहान आहे म्हटल्यावर दुकानदाराने ड्रॉप्सची छोटी बाटली दिली, १५ एमएलची. आता ही गोष्ट आपल्याला उलटी वाटते पण नीट लक्षात ठेवा, ड्रॉप्स हे सिरपपेक्षा पातळ किंवा हलकं नसतं, ते जास्त कडक असतं. बाळाला थोडक्यात पाजता यावं म्हणून १ एमएलमध्येच १०० मिलिग्रॅम घातलेलं असतं. त्या बिचाऱ्या माणसाने ड्रॉपर टाकून दिला आणि चमच्याने ५ एमएल, दिवसातून तीनदा. म्हणजे एका वेळी ५०० मिलिग्रॅम! एका दिवसात बाटली संपली. दुसरी आणायला गेले तेव्हा मेडिकलवरचा मुलगा म्हणाला, काल तर नेलीत, सांडली का? त्या एका प्रश्नाने ते बाळ वाचलं. लगेच आमच्याकडे आणलं, रक्त तपासलं, पॅरासिटामॉल उतरवायचं औषध असतं एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचं, ते सलाईनमधून चालू केलं, आणि बाळ हसत घरी गेलं. पण येताना ते बाळ कसं होतं सांगू? चांगलं होतं. थोडं उलटी झालेलं, बाकी ठीक. पॅरासिटामॉल जास्त झालं तर पहिल्या दिवशी फार काही दिसतच नाही, लिव्हर बिघडायला लागल्याचं दोन दिवसांनी कळतं आणि ते औषध तर पहिल्या ८ तासांत दिलं तर सगळ्यात छान काम करतं. म्हणून कधीही जास्त गेल्याची शंका आली, किंवा मुलाने स्वतः बाटली उघडून तोंडाला लावली, तर ‘बघू, काही झालं तर नेऊ’ असं करायचं नाही, मूल हसत असलं तरी बाटली हातात घेऊन सरळ मोठ्या हॉस्पिटलला जायचं, गाडी नसेल तर १०८. घरी मीठपाणी पाजून उलटी काढायची नाही.

आता चमच्याकडे येते कारण माझं सगळं म्हणणं त्या चमच्यातच आहे. मी एकदा दुपारी घरातले सगळे चमचे काढून ओट्यावर मांडले आणि सिरिंजने पाणी घालून मोजलं. चहात साखर ढवळायचा चमचा साडेतीन एमएलचा निघाला, पोहे खायचा ९ चा, लग्नातल्या डिनर सेटमधला ६ चा, आणि आईच्या वेळचा एक जाड स्टीलचा आहे तो काठोकाठ भरला तर ७. हे सगळे आमच्या घरात ‘चमचा’च. तर ‘एक चमचा दे’ हे वाक्य तुमच्या घरातून हद्दपार करा. मेडिकलवर सुई नसलेली ५ एमएलची सिरिंज मिळते, अगदी थोड्या पैशात. दोन आणून ठेवा. बाटलीबरोबर मापाचं झाकण येतं ते पण चालतं, फक्त ते सपाट जागी ठेवून डोळ्याच्या रेषेत आणून बघायचं, हातात वर धरून नाही. आणि एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीत कधीच घालायचा नाही, त्याच्यावरच्या खुणा त्या त्या औषधाच्या असतात.

बाटली आधी जोरात हलवायची, हे सस्पेन्शन असतं, औषध तळाला बसतं, न हलवता दिलं तर पहिले डोस कमजोर आणि शेवटचे कडक. मुलाला मांडीवर थोडं उभं धरून सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला लावून थोडं थोडं सोडायचं, मधे गिळू द्यायचं. नाक दाबलं की तोंड उघडतं ही म्हण म्हणून ठीक आहे, औषध पाजताना खरंच नाक दाबू नका हो, औषध श्वासनलिकेत जातं आणि तापाचं राहतं बाजूला, दुसरंच होऊन बसतं. पाजल्यावर अर्ध्या तासाच्या आत सगळं उलटून पडलं तर तोच डोस एकदा परत देता येतो, अर्ध्या तासानंतर उलटी झाली तर परत द्यायचा नाही, पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं.

वजन मात्र खरं पाहिजे. दोन महिन्यांपूर्वीचं नाही. तुम्ही काट्यावर उभ्या राहा, मग तिला कडेवर घेऊन उभ्या राहा, वजाबाकी करा. किंवा अंगणवाडीत दर महिन्याला वजन करतात ते विचारून घ्या. तुमच्या ११ किलोच्या लेकीचं गणित मी इथेच करून देते, तिचं वजन वाढलं की बदला. १२० च्या सिरपचं ५ एमएल दिलं की १२० मिलिग्रॅम, बरोबर. २५० च्या सिरपचं फक्त अडीच एमएल, म्हणजे १२५. आणि १०० च्या ड्रॉप्सचं १ एमएलपेक्षा किंचित जास्त, १.२. बघा, तीन बाटल्या, तिन्हीवर पॅरासिटामॉल, आणि मापं ५, अडीच आणि १.२! म्हणून डॉक्टर फोनवर ‘५ एमएल द्या’ म्हणाले की लगेच विचारायचं, कुठल्या बाटलीचं? मी तर म्हणेन बाटली हातात घेऊन आकडा वाचून दाखवायचा, मगच द्यायचं. आणि नवीन बाटली आणली की ब्रँड ओळखीचा असला तरी आकडा परत वाचायचा, कारण मेडिकलवर एक नसलं की दुसरं देतात.

आणखी एक फसायची जागा म्हणजे सर्दीची औषधं. नाक गळतंय म्हणून जे सिरप किंवा ड्रॉप्स देतात त्यातल्या कितीतरी औषधांत पॅरासिटामॉल असतंच, वरून आपण तापाचं वेगळं देतो म्हणजे डबल. तशी पण लहान मुलांना ही सर्दीची मिक्स औषधं द्यायचीच नाहीत, क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिनचं जे कॉम्बिनेशन असतं ते ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये सांगितलंय. आणि खोकल्याच्या सिरपचं तर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं, साध्या सर्दी खोकल्याला दिलेल्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन निघालं, पोरांच्या किडन्या गेल्या, किती तरी लेकरं नागपूरच्या हॉस्पिटलांत आणली होती. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. नाकाला सलाईनचे ड्रॉप्स घाला, त्याने बराच आराम पडतो, बाकी डॉक्टर ठरवतील.

आता आलटून पालटून. म्हणजे पॅरासिटामॉल दिलं, तीन तासांनी आयबुप्रोफेन, परत तीन तासांनी पॅरासिटामॉल. ग्रुपवरच्या आया म्हणतात ते काही कुणी मनाने काढलेलं नाही, कधी कधी डॉक्टर स्वतः असं सांगतात, पण ते एका विशिष्ट मुलाला बघून सांगतात. घरी आपण होऊन हे सुरू करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. एक तर रात्री २ ला झोपेत कुठलं दिलं होतं हे आठवत नाही, तुम्हा तिघांचं एका रात्रीत काय झालं बघा की. आणि दुसरं म्हणजे आयबुप्रोफेन हे पॅरासिटामॉलइतकं गरीब औषध नाही. ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला ते द्यायचंच नाही, ६ महिन्यांपर्यंत डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. जुलाब उलट्या चालू असतील, मूल पाणी पीत नसेल तर किडनीवर ताण येतो. कांजिण्या असतील तर नाही. आणि पावसाळ्यापासून ते पार दिवाळीपर्यंत आपल्याकडे डेंग्यू असतो, तो आहे की नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढू शकतो. ताप नुसता आलाय, कशाचा ते माहीत नाही, अशा वेळी एकटं पॅरासिटामॉल हेच घरातलं औषध. म्हणून ते ‘जास्त पॉवरचं’ कॉम्बिनेशन मी घरात ठेवणार नाही.

मेफेनॅमिक ॲसिड नावाचं तापाचं औषध असतं त्याचं पण तेच. ताप हटत नाही म्हटलं की मेडिकलवर हमखास पुढे करतात, आणि ताप झटकन उतरतो म्हणून आयांना पण ते आवडतं, मला ठाऊक आहे. पण पोटाला, किडनीला त्याचा त्रास होऊ शकतो, अंगावर गंभीर रिॲक्शन येऊ शकते आणि त्याबद्दल २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशनने सूचना पण काढली होती. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तरच. निमेसुलाइड हे ताप आणि दुखण्यावरचं औषध तर १२ वर्षांखालच्या मुलांना २०११ पासून बंद आहे, मोठ्यांसाठी आणलेली गोळी घरात पडलेली असते, ती अर्धी कुस्करून मधात घालून द्यायची पद्धत अजून आहे गावाकडे. आणि ॲस्पिरिन मुलांना तापात कधीही नाही, रेज सिंड्रोम म्हणून आजार होतो त्याने, मेंदू आणि लिव्हर दोन्हीवर येतो. मोठ्यांची पॅरासिटामॉलची ६५० ची गोळी अर्धी केली तरी ३२५ होते, तुमच्या लेकीच्या दुप्पट, तेही नको.

आता त्या भीतीबद्दल, ताप डोक्यात जाईल म्हणून. आपल्या आज्ज्यांनी ही भीती आपल्याला दिली कारण त्यांच्या काळी मेंदूज्वराने मुलं जायची, आधी ताप यायचा मग मूल बेशुद्ध व्हायचं, त्यांना वाटायचं तापच चढत चढत डोक्यात गेला. तसं नसतं. त्या आजारात मेंदूला सूज आधीपासून असते, ताप हे तिचं लक्षण. साध्या व्हायरल तापात १०३, १०४ झाला म्हणून मेंदूला काही होत नाही. ताप हा शरीर लढतंय म्हणून येतो, औषध आपण ताप मारायला देत नाही, मुलाला जरा बरं वाटावं, ते दोन घोट पाणी प्यावं, झोपावं म्हणून देतो. १०१ आहे पण मूल खेळतंय, भिंतीवर रेघोट्या मारतंय, तर औषध न देता नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. आणि १०० च आहे पण कान दुखून कळवळतंय तर द्यायचं, दुखण्यावर पण हेच औषध. झोपलेल्या मुलाला तापाच्या औषधासाठी उठवू नका.

आणि तुमची ती रात्र जिथे चुकली ते हे, की औषध दिलं आणि दोन तासांनी ताप नॉर्मलला आला नाही म्हणजे औषध लागू पडलं नाही असं सगळ्यांना वाटलं. पॅरासिटामॉलला काम सुरू करायलाच अर्धा ते एक तास लागतो, आणि ते साधारण दोन डिग्री उतरवतं. १०३ चा १०१ झाला तर औषधाने त्याचं काम चोख केलं! ९८ वर येईपर्यंत चमचे ओतत राहायचं नसतं. सासूबाईंनी ११ वाजता हात लावून बघितलं, अंग गरम लागलं, त्यावेळी थर्मामीटर लावला असता तर कदाचित दुसऱ्या औषधाची वेळच आली नसती. काखेतला घाम पुसून डिजिटल थर्मामीटर नीट आत धरायचा, बीप वाजेपर्यंत.

मधल्या वेळात काय करायचं ते सांगते. कुंची, टोपी, स्वेटर, मोजे सगळं काढा, एक पातळ सुती झबलं पुरे. फॅन बारीक चालू ठेवा, खिडकी उघडी. साध्या नळाच्या पाण्याने अंग पुसा, कपाळावर घड्या ठेवा, पण बर्फाचं पाणी नको, स्पिरिट नको, कोलन वॉटर पण नको. मूल कुडकुडायला लागलं तर पुसणं थांबवा. थोडं थोडं पाजत राहा, अंगावर पीत असेल तर जास्त वेळा घ्या, नाहीतर पेज, वरणाचं पाणी, जे घेईल ते. दोन दिवस जेवली नाही तरी चालेल, पाणी चुकवू नका.

आकडी येईल ही भीती असते ते बरोबर आहे, ६ महिने ते ५ वर्षांच्या काही मुलांना तापात आकडी येते. औषध देऊन ती टाळता येतेच असं नाही, त्यामुळे आली तर ‘आम्ही डोस चुकवला म्हणून आली’ असं मनाला लावून घेऊ नका. आलीच तर खाली जमिनीवर कुशीवर झोपवायचं, घड्याळ बघायचं, तोंडात बोट, चमचा, पाणी, औषध काहीही घालायचं नाही, कांदा चप्पल हुंगवत बसायचं नाही. ५ मिनिटांच्या वर चालली तर १०८, आणि लवकर थांबली तरी त्या दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

थांबायचं नसतं ते कधी, हे नीट वाचा. ३ महिन्यांच्या आतलं बाळ आणि ताप १००.४ किंवा वर, तर औषध देऊन बघत बसायचं नाही, त्याच क्षणी डॉक्टर, रात्र असली तरी. लसीनंतर येणारा ताप थोडा वेगळा, दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलेंट लसीनंतर एक दोन दिवस येतो, तेव्हा सिस्टरने किंवा डॉक्टरने सांगितलेला डोस द्यायचा, तेवढाच, पण बाळ सुस्त पडलं किंवा पिईना झालं तर तिथेही वाट बघायची नाही. मोठ्या मुलांत, मूल निपचित पडलंय, हाक मारली तर डोळे उघडत नाही, श्वास भरभर चाललाय आणि बरगड्या आत ओढल्या जातायत, मान ताठ झालीय, टाळू फुगलीय, अंगावर लाल जांभळे डाग आहेत जे दाबले तरी जात नाहीत, ७-८ तास लघवी झाली नाही, काही पोटात राहत नाही, यातलं काहीही असेल तर ताप कितीही कमी असू दे, लगेच निघायचं. आणि काही नसलं तरी ताप ३ दिवसांच्या वर गेला की दाखवायचं. ‘दात येतायत म्हणून ताप’ असं म्हणून दिवस काढू नका, दात येताना अंग जरा कोमट लागेल, १०२, १०३ नाही येत.

उन्हाळ्यातलं एक वेगळं लिहून ठेवते. मूल उन्हात राहिलं, बंद गाडीत राहिलं आणि अंग भाजतंय, तर तो ताप नाही, उष्माघात आहे. त्याला पॅरासिटामॉल लागू पडत नाही. सावलीत नेऊन पाण्याने भिजवत भिजवत हॉस्पिटल गाठायचं.

राहिल्या सासूबाई. तुम्ही लिहिलंत त्या फार प्रेमाने करतात, म्हणून त्यांना ‘तुम्ही चुकलात’ असं सांगायला जाऊच नका, आणि खरं सांगू का, चूक त्यांची एकट्यांची नव्हतीच, त्यांना कुणी बाटल्यांमधला फरक सांगितलेला नव्हता. रात्री ११ ला नात तापलेली बघून हातावर हात ठेवून बसणारी आजी मी तरी पाहिली नाही. त्यांना एक काम द्या. ओट्यावर तुमचे चमचे मांडा आणि त्यांच्याच हातात सिरिंज द्या, म्हणा, आई बघा ना आपला चमचा किती एमएलचा आहे. माझ्या बहिणीच्या सासूबाईंनी ९ एमएलचा पोह्याचा चमचा स्वतः मोजला आणि तेव्हापासून त्याच सगळ्यांना सांगत फिरतात. जावेच्या मुलाची २५० ची बाटली त्यांच्या खोलीतल्या कपाटात वरच्या फळीवर जाऊ दे, दोन मुलांच्या दोन बाटल्या एका ट्रेमध्ये नकोत, आणि दोन्हीवर पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने मुलाचं नाव आणि ठळक आकडा लिहा, १२० आणि २५०, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा मोठा. औषधाला मुलीसमोर ज्यूस किंवा चॉकलेट म्हणू नका हे सगळ्यांनाच सांगा, नाहीतर एक दिवस ती खुर्ची लावून ज्यूस शोधेल.

आणि फ्रिजवर मॅग्नेटने एक कागद. वर तिचं वजन आणि तारीख. खाली नुसत्या ओळी, ‘रात्री ९.०० – १२०वालं – ५ एमएल – आई – १०३’. जो देईल त्याने आधी कागद वाचायचा, मग द्यायचं, मग लगेच लिहायचं, ह्यांनी पण. पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं की तो कागदच समोर ठेवा. पेन मात्र दोऱ्याने फ्रिजच्या हँडलला बांधून ठेवा, नाहीतर ऐन रात्री तेच सापडत नाही, आणि तो कागद सांभाळायचं काम सासूबाईंकडे द्या.